उडकीला मराठीत काय म्हणतात

संगप्पाला स्वप्नं कानडीत पडत आणि जाग मराठीत येई. डोळे उघडलेत, पण बाहेर गिरणीचा भोंगा वाजतोय की स्वप्नातली म्हैस रेकतेय हे अजून ठरलेलं नाही, अशी पहाटेची दोन-चार मिनिटं त्याला फार आवडत. मग आतल्या घरातून सावित्रक्काची हाक येई, चहाचा वास येई, आणि दिवस हळूहळू जमिनीवर टेके.

तो कोर्टात दुभाष्या होता. वळसंग, अक्कलकोटकडची माणसं साक्षीला आली की कानडीत बोलत. संगप्पा पिंजऱ्याला खेटून उभा राही, साक्षीदाराचं कानडी न्यायाधीशांना मराठीत सांगे आणि वकिलांचा मराठी प्रश्न साक्षीदाराला कानडीत. अठ्ठावीस वर्षं हेच. बांधाची भांडणं, विहिरीचं पाणी, बैलांची चोरी सगळं त्याच्या तोंडातून गेलं होतं आणि त्याचं स्वतःचं त्यात काही नव्हतं. कधीकधी दुपारी, पंखा करकरत असताना, त्याला वाटे की आपण एक दार आहोत, माणसं आपल्यातून नुसती ये-जा करतात.

बाळीवेशीजवळच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण सावित्रक्का असे दोघंच राहत. संगप्पाची बायको लग्नानंतर सातव्या वर्षी तापानं गेली. सावित्रक्का त्याच्याही आधीपासून विधवा होती. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चाले, आणि तेही गरजेपुरतंच.

पंच्याहत्तर सालच्या जानेवारीत महादेवीचा दावा बोर्डावर आला.

महादेवी वळसंगची. पस्तिशीतली, सावळी, अंगानं बारीक. सतराव्या वर्षी तिचा पहिला नवरा विहिरीत पडून गेला होता. वर्षभरानं, अठ्ठावन्न सालात, गावातल्याच शरणप्पानं तिच्याशी उडकी लावली. विधवेला दुसऱ्यांदा घरात आणायचं तर त्या भागात हीच रीत होती. चौदा वर्षं संसार झाला, एक मुलगी झाली. बहात्तरच्या दुष्काळात शरणप्पा खडी फोडायच्या कामावर असताना वारला, आणि महिन्याभरात त्याचा धाकटा भाऊ निंगप्पा तिला म्हणाला, ‘‘तू माझ्या भावाची बायको नव्हंस. त्यानं तुला ठेवली व्हती.’’

महादेवी कोर्टात आली ती शेतासाठी, असं कागदावर होतं. पण कोर्टाच्या ओसरीवर बसून ती आपल्या वकिलांना एकच सांगे, ‘‘शेताचं काय व्हायचं ते हू द्या साहेब. पोरगी पंधरा वर्साची झाली. तिला बघायला येणारे विचारत्यात, आई-बापाचं लग्न झालतं का? मी काय सांगू?’’

पहिल्या दिवशी दोन्ही वकिलांनी सगळी सकाळ फक्त एका शब्दावर घालवली. निंगप्पाचे वकील उंच आवाजाचे, बोलताना चष्मा कपाळावर चढवणारे. ते म्हणाले, ‘‘विवाहाला विधी लागतो. होम कुठे झाला? सप्तपदी कुठे झाली? दोन माणसं एका घरात राहिली म्हणजे विवाह होत नाही.’’

महादेवीचे वकील वयानं लहान होते, पण घाबरणारे नव्हते. ‘‘पंचावन्नचा हिंदू विवाह कायदा म्हणतो, ज्यांच्यात सप्तपदी आहे त्यांच्यात ती हवी. या समाजात पहिल्या लग्नातही होम नसतो. ज्याची जी रूढी, त्याचा तो विवाह.’’

‘‘मग रूढी शाबीत करा,’’ न्यायाधीश म्हणाले. ‘‘उडकी हा विवाह मानतात की नाही, हे गावच्या जाणत्या माणसाला विचारू.’’

संगप्पा कोपऱ्यात स्टुलावर बसून हे ऐकत होता. उडकी हा शब्द कोर्टाच्या उंच छताखाली कितीदा तरी उच्चारला गेला. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर उन्हात चिंचेची पानं इतकी सावकाश पडत होती की जणू प्रत्येकाला दिवसभराची सवड होती.

दुपारी मल्लव्वाला पुकारलं. सत्तरीची म्हातारी, डोक्यावरून इरकलीचा पदर, हातात काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत. वळसंगात गेली चाळीस वर्षं उडकीच्या वेळी नव्या बांगड्या हीच भरत आलेली. तिनं पिंजऱ्याचा कठडा धरला, संगप्पाकडे पाहिलं आणि कानडीत विचारलं, ‘‘तू कुणाचा रे?’’

‘‘आज्जी, फक्त विचारलेलं सांगायचं,’’ तो हळूच म्हणाला.

तिनं सांगितलं. शरणप्पानं साडी आणली, ती महादेवीला नेसवली. मी बांगड्या भरल्या. मठाच्या स्वामींनी ताळी म्हणजे मंगळसूत्र दिलं, शरणप्पानं ते तिच्या गळ्यात बांधलं. ओटी भरली, पाच घरच्यांना साखर वाटली. संगप्पा एकेक वाक्य मराठीत सांगत होता आणि लेखनिकाची लेखणी चालली होती.

मग निंगप्पाचे वकील उठले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘बाई, सरळ सांगा. महादेवीचं आणि शरणप्पाचं लग्न झालं होतं का?’’

लग्न या शब्दाला कानडीत मदुवी म्हणतात. संगप्पानं तोच शब्द वापरला. मल्लव्वानं लगेच मान हलवली. लहान मुलाला सांगावं तशी ती म्हणाली, ‘‘मदुवी अल्लरी. उडकी आतरी.’’

‘‘साक्षीदार म्हणते, लग्न नाही —’’ संगप्पा बोलून गेला, आणि थांबला.

अठ्ठावीस वर्षांत तो मधेच कधी थांबला नव्हता. त्याच्या कानात स्वतःचाच आवाज आला होता, पण आताचा नव्हे. विशीतल्या पोराचा, नुकत्या लागलेल्या नोकरीनं ताठ झालेला आवाज. ते कोर्ट, तो कठडा, म्हातारीचा पदर, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं थरथरलं.

‘‘पुढे?’’ न्यायाधीश म्हणाले.

‘‘लग्न नाही, उडकी झाली.’’

‘‘उडकी म्हणजे मराठीत काय?’’

संगप्पानं तोंड उघडलं. विधवेचा पाट लावतात तो म्हणावं तर तोही नव्हे. विवाह म्हणावं तर म्हातारीनं नुकतीच मान हलवलेली. ‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्याकडे शब्द नाही.’’

निंगप्पाचे वकील हसले. ‘‘शब्दाची गरज नाही. साक्षीदाराचं उत्तर आलं आहे. लग्न नाही.’’

लेखनिकानं ते लिहून टाकलं होतं. महादेवी भिंतीला टेकून उभी होती. तिला मराठी कळत होतं, कानडीही. तिनं संगप्पाकडे पाहिलं. रागानं नव्हे. आपलं काही हरवलंय आणि ते या माणसापाशी दिसतंय, असं ती बघत होती.

न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. उद्या सिद्धेश्वराच्या अक्षता, सुट्टी. परवा याच साक्षीदारापासून पुढे, असं सांगून ते उठले.

घरी येताना गावभर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, लगबग होती. दुकानांवर माळा, रस्त्यात उसाच्या मोळ्या, कुठूनतरी हलग्यांचा आवाज. संगप्पाला ते सगळं दुसऱ्याच्या स्वप्नात शिरल्यासारखं दिसत होतं. तो चालत होता सत्तेचाळीस सालात.

त्या साली तो वीस वर्षांचा होता, सावित्रक्का बावीसची. तिला विधवा होऊन दोन वर्षं झाली होती. वडील शाळामास्तर. खेडं सोडून शहरात आलेले, धुतलेल्या धोतराची आणि चार लोकांतल्या नावाची फार काळजी करणारे. वैरागहून गुरप्पा नावाचा मिरचीचा व्यापारी आला होता, त्याची बायको बाळंतपणात गेलेली. सोबत त्याची आत्या. आत्यानं सरळच विषय काढला, उडकी लावून सावित्रीला नेतो. वडील गोंधळले. मग त्यांनी संगप्पाकडे पाहिलं, कारण संगप्पाला कोर्टात चिकटून तीन महिने झाले होते. ‘‘तुझं कोर्ट काय म्हणतं रे?’’

कोर्टानं काहीच म्हटलं नव्हतं. कोर्टाच्या ओसरीवर कुणी वकील कुणाला तरी असंच काहीसं सांगताना त्यानं अर्धवट ऐकलं होतं, एवढंच. पण गुरप्पा समोर बसला होता, आत्या बघत होती, वडील वाट पाहत होते. संगप्पा म्हणाला, ‘‘उडकी म्हणजे लग्न नव्हे. कोर्टात टिकत नाही.’’

गुरप्पानं बशीतला चहा संपवला, हात जोडले आणि तो गेला. आतल्या दाराची कडी कुणीतरी धरून ठेवली होती. ती अगदी हलकी वाजली आणि थांबली, हे संगप्पाला त्या वेळी कळलंसुद्धा नव्हतं. पुढे, बायको गेल्यावर, रिकाम्या घरात पडल्यापडल्या ती कडी त्याला ऐकू येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रक्का म्हणाली, ‘‘अक्षता टाकायला येतोस न्हवं?’’

दोघं सिद्धेश्वराच्या तळ्याकडे निघाले. संमती कट्ट्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. सारं सोलापूर पांढऱ्या बाराबंदीत आणि इस्त्रीच्या टोप्यांत उभं होतं. उंच नंदीध्वज गर्दीवरून डोलत येत होते, त्यांचे बाशिंग बांधलेले माथे उन्हात हलत होते. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामाशी, म्हणजे याच सिद्धेश्वराशी, लग्नाचा हट्ट धरला, तो योगी, म्हणून त्यानं तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. तेव्हापासून हे लग्न दर वर्षी लागतं. काठीशी लागलेलं लग्न, आणि त्याला लाखभर वऱ्हाडी. कट्ट्यावर संमती, म्हणजे या लग्नाचे मंगल श्लोक, वाचायला सुरुवात झाली, जुनी कानडी, लांब सुरांची. गर्दी गप्प झाली. मग एकदम हजारो हात वर गेले आणि हळदीच्या पिवळ्या तांदळांनी हवा भरून गेली. संगप्पाच्या टोपीवर, सावित्रक्काच्या पदरावर दाणे पडत राहिले. तळ्याचं पाणी, माणसं, देवळाचं शिखर, सारं काही क्षण पिवळ्या धुक्यात तरंगत होतं.

गर्दी ओसरल्यावर दोघं पायऱ्यांवर पाण्याशी बसले.

‘‘अक्का,’’ तो म्हणाला, ‘‘उडकी म्हणजे लग्न असतं का?’’

सावित्रक्का पदरातले दाणे निवडत होती. तिचा हात थांबला नाही. ‘‘ते तूच सांगितलं व्हतंस की. कोर्टवाला तू.’’

त्यानं मान खाली घातली आणि महादेवीची सगळी हकीकत सांगितली. म्हातारीचं उत्तर सांगितलं. आपण काय भाषांतर केलं तेही सांगितलं.

‘‘म्हातारी खरं बोलली,’’ सावित्रक्का म्हणाली. ‘‘मदुवी न्हवंच ती.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तुला ठाव न्हाय. आपल्या थोरल्या मावशीची उडकी मी बघितली हाय. आठ वर्साची व्हते. अरे, मदुवी आई-बाप करत्यात. माझी केली तवा मी अकरा वर्साची. गुळाचा खडा हातात दिला, म्हनले, बस हितं. मला कुणी काय विचारलं? नवरा कोन हाय तेबी मी दुसऱ्या दिवशी बघितला.’’ ती थोडी हसली. ‘‘उडकीत तसं न्हाय. पाच घरची माणसं बसत्यात आन् बाईला तीनदा विचारत्यात. मनस ऐति? मन हाय का तुझं? ती तीनदा हूं म्हनली तरच साडी नेसवायची. मावशी दोनदा हूं म्हनली आन् तिसऱ्यांदा रडाय लागली. तर सगळे थांबले. दिवा लागंपतुर थांबले. मग ती हूं म्हनली.’’

पाण्यावर संध्याकाळ उतरत होती. कुणीतरी सोडलेलं झेंडूचं फूल पायरीला लागत होतं, पुन्हा दूर जात होतं.

संगप्पाला विचारायचं होतं, तुला त्या दिवशी विचारलं असतं तर? पण दोन भाषा येत असून एकीतही ते वाक्य तयार होईना.

तिसऱ्या दिवशी मल्लव्वा पुन्हा पिंजऱ्यात उभी राहिली. न्यायाधीशांनी कागद पुढे ओढले तेव्हा संगप्पा स्टुलावरून उठला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

‘‘साहेब, साक्ष सुरू होण्याआधी माझी एक चूक सांगायची आहे.’’

कोर्टात कुजबुज झाली. निंगप्पाचे वकील अर्धवट उठले.

‘‘परवा मी मदुवीचं भाषांतर लग्न असं केलं. ते अपुरं होतं. मदुवी म्हणजे पहिलं लग्न, मुलीचं, आई-बापांनी लावलेलं. वकीलसाहेबांनी लग्न विचारलं आणि मी मदुवी म्हणालो. प्रश्नच मी चुकीचा विचारला. म्हणून उत्तर तसं आलं.’’

‘‘हरकत आहे!’’ वकील ओरडले. ‘‘दुभाष्यानं भाषांतर करायचं, साक्ष द्यायची नाही. हा माणूस एका बाजूला झुकलाय.’’

‘‘झुकलोय की नाही हे मला सांगता येणार नाही साहेब,’’ संगप्पा म्हणाला. ‘‘पण चूक माझी आहे. म्हातारीची नाही.’’

न्यायाधीशांनी परवाचा कागद पुन्हा वाचला. पंखा फिरत राहिला. मग ते म्हणाले, ‘‘हरकत नोंदवून घ्या. दुभाष्याचं म्हणणंही नोंदवा. आता प्रश्न मी विचारतो. तुम्ही माझे शब्द तेवढे सांगायचे. मदुवी आणि उडकी, यात फरक काय?’’

संगप्पानं ते कानडीत विचारलं. मल्लव्वानं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मग ती बोलू लागली, आणि तो तिच्या मागोमाग बोलू लागला. काही वेळानं त्याला आपण बोलतोय हेच जाणवेना. मदुवी एकदाच होते, ती म्हणाली. पोर कळती नसली तरी होते. उडकी कळत्या बाईची. महादेवीला तुळशीपाशी बसवलं होतं. मी विचारलं, मन आहे का? ती हूं म्हणाली. तिघांनी तीनदा विचारलं. तीनदा हूं. मग शरणप्पानं साडी दिली. त्यानं ती उलटी धरली होती, आम्ही बायका हसलो. मी बांगड्या भरल्या, त्यातली एक फुटली, काच माझ्याच बोटाला लागली. दुसऱ्या दिवशी निंगप्पानंच वहिनी म्हणून तिच्या हातची भाकरी खाल्ली. तेव्हा तो एवढासा होता.

सगळ्यांनी निंगप्पाकडे पाहिलं. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

‘‘होय की नाही तेवढं सांगा,’’ वकील चिडून म्हणाले. ‘‘ती बायको होती की नव्हती?’’

म्हातारीला ते विचारल्यावर तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या. मग म्हणाली, आणि संगप्पानं तिचं बोलणं शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं, ‘‘चौदा वर्षं तिनं त्याची चूल पेटवली. मरताना त्याच्या तोंडात पाणी तिनं घातलं. आमच्यात त्याला हेंडती म्हणतात, म्हणजे बायको. तुमच्यात आणखी काय म्हणतात ते तुम्हालाच ठाऊक.’’

लेखणी कागदावर चालत राहिली. महादेवीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

निकाल एप्रिलात लागला. उडकी ही त्या समाजाची पूर्वापार चालत आलेली रूढी आहे आणि तिनं झालेला विवाह कायद्यानं विवाहच आहे, महादेवी ही शरणप्पाची पत्नी आणि वारस आहे, मुलगी त्यांची औरस आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. निंगप्पानं वर अपील केलं. ते दोन वर्षं रेंगाळलं आणि निकाल तसाच राहिला.

संगप्पाला मात्र लेखी समज मिळाली, दुभाष्यानं आपल्या कामाची मर्यादा ओलांडली म्हणून. पुढचे आठ महिने त्याला जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं. त्याला त्याचं फार वाईट वाटलं नाही. तिथं गार होतं, शांत होतं. उंच झरोक्यातून एक उन्हाचा पट्टा दिवसभर दप्तरांवरून सरकत जाई आणि त्यात धूळ तरंगत राही. तो पट्टा पाहत बसायला त्याला आवडू लागलं.

मे महिन्यात महादेवी स्वतः बाळीवेशीत आली, मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन. तिनं संगप्पाला नमस्कार केला, पण हळदीची अक्षत तिनं सावित्रक्काच्या हातात ठेवली. ‘‘अक्का, तुमी यायाच लागतंय,’’ ती म्हणाली. सावित्रक्का अठ्ठावीस वर्षं कुणाच्या लग्नाला गेली नव्हती. ती त्या पिवळ्या तांदळांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘येते की.’’

वळसंगला मांडवात ती मागच्या बाजूला भिंतीशी जाऊन बसली. मल्लव्वानं तिला शोधून काढलं, हाताला धरून पुढे आणलं आणि बायकांच्या मध्ये बसवलं. एका पोरीनं तिच्या हातात पानसुपारी दिली. दुपारभर त्या बायकांचं गाणं, हसणं, कानडी ठेक्यातल्या उखाण्यांची चढाओढ चालली, आणि संगप्पाला लांबून दिसलं की आपली बहीणही मधेच ओठ हलवतेय. तिला ती गाणी येत होती, हे त्याला माहीत नव्हतं.

परतताना एसटीत दोघांना शेजारशेजारी जागा मिळाली. खिडकीतून तापलेला वारा येत होता. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं हलत्या वाफेत वितळत होती.

बऱ्याच वेळानं संगप्पा म्हणाला, ‘‘अक्का, तो वैरागचा गुरप्पा. मी त्या दिवशी बोललो ते चूक होतं. मला कायदा ठाऊक नव्हता. मी नुसतं बोललो.’’

‘‘ठाव हाय मला.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘लई दिसापासून. शेजारच्या प्रभाचा नवरा वकिलाकडं कारकून न्हाय का? त्याला विचारलं व्हतं एकदा.’’

‘‘मग मला बोलली का नाहीस कधी?’’

‘‘काय बोलू? तुजी बायको नुकती गेली व्हती तवा.’’ ती खिडकीबाहेर पाहत होती. ‘‘आन् एक सांगू का संगू? तू न्हाय म्हनलास म्हनून न्हाय झालं, असं मी लई वर्सं धरून व्हते. पर मला कुणी विचारलं असतं, तर मी हूं म्हनले असते का, ते मला अजून ठाव न्हाय. दाराआड उभी व्हते. त्याचा आवाज चांगला व्हता, एवढंच आठवतंय. तोंड बघितलंच न्हाय.’’

एसटी एका थांब्यावर उभी राहिली. कुणी उतरलं, कुणी चढलं. कंडक्टरनं घंटी दिली.

‘‘मी विचारायला हवं होतं,’’ संगप्पा म्हणाला.

‘‘व्हय,’’ सावित्रक्का म्हणाली. ‘‘ते मातर खरं.’’

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की त्याचे डोळे भरून आले. ती त्याच्याकडे वळली नाही. तिनं नुसता आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि वाटभर तसाच ठेवला. थोड्या वेळानं तिला डुलकी लागली. झोपेत ती काहीतरी पुटपुटली, कानडीत. संगप्पानं कान देऊन ऐकलं नाही. तो बाहेर पाहत राहिला. लांबवर सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दिसू लागली होती.